कायद्याच्या रांगेत काकूचा नंबर लागत नाही

गेल्या अंकात या सदरात मी वाचकांना एकच प्रश्न विचारला होता : तुम्ही गेल्यावर तुमच्या घरात कुणाला कुणापुढे हात पसरावा लागेल? त्यावर पत्रांचा ढीग आला आणि त्यांतली बरीचशी बायकांची आहेत. साताऱ्याच्या न्यायालयात 31 वर्षं मी वारसांचे दावे चालवते आहे, त्यामुळे याचं मला नवल वाटलं नाही. सगळ्या पत्रांना इथे उत्तर देणं शक्य नाही. ज्यांत अनेकांचं दुखणं आहे अशी निवडली आहेत.

आधी एक खुलासा. खाली जिथे 'वारसा कायदा' म्हटलं आहे तिथे 1956 चा हिंदू वारसा कायदा समजावा. तो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी वाचकांचे नियम वेगळे आहेत, त्यांची पत्रं पुढच्या अंकात घेईन.

प्रश्न : मी 61 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. लग्नानंतर सहा वर्षांनी हे गेले. मूलबाळ नाही. स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट आहे, थोड्या ठेवी आहेत, आईनं हातात घातलेल्या पाटल्या आहेत. धाकटी बहीण आणि तिची मुलगी माझं सगळं पाहतात. सासरी दोन दीर आहेत, 25 वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. मैत्रिणी म्हणतात, मृत्युपत्र कर. पण मला दुसरं आहेच कोण? बहिणीलाच जाणार ना सगळं?
– एक वाचक, वाई

उत्तर : बाई, तुमच्या बहिणीला यातलं काहीही मिळणार नाही. हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं.

मृत्युपत्र न करता बाई गेली तर तिची मिळकत कुणाकडे जाते, हे वारसा कायद्याच्या कलम 15 मध्ये लिहिलं आहे. पहिला हक्क मुलामुलींचा आणि नवऱ्याचा. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांचा. बाईचे स्वतःचे आईवडील त्यानंतर येतात आणि बहीण त्यांच्याही मागे. तुमचा फ्लॅट तुमच्या पगाराचा, हप्ते तुम्ही भरलेत, तरी कायद्याच्या रांगेत तुमचे दीर तुमच्या बहिणीच्या कितीतरी पुढे उभे आहेत. आईवडिलांकडून वारसाने आलेली मिळकत असती, तर मूल नसलेल्या बाईच्या बाबतीत ती वडिलांच्या वारसांकडे परत गेली असती. पण पाटल्या आईनं हयातीत हातात घातल्या, त्या वारसाने आलेल्या धरल्या जात नाहीत. म्हणजे त्यासुद्धा सासरच्या वाटेनं जातात.

तुमचं पत्र वाचताना मला नारायणी देवींचा खटला आठवला. 1955 मध्ये लग्न झालं आणि तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, त्या नोकरीला लागल्या, पुन्हा कधी सासरी गेल्या नाहीत. 1996 मध्ये त्या वारल्या. मागे बँकेतली शिल्लक होती, भविष्य निर्वाह निधी होता, मृत्युपत्र नव्हतं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2009 मध्ये निकाल लागला. त्यांच्या आयुष्यभराच्या कमाईवर सासरच्या वारसांचा हक्क ठरला. भावनेवर निकाल देता येत नाही, कलम जे म्हणतं तेच करावं लागतं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. तो निकाल वाचून मी त्या दिवशी दुसरं काम करू शकले नव्हते.

तुमच्या बाबतीत हे सगळं एका कागदाने टळतं. मृत्युपत्राने तुम्ही तुमची मिळकत बहिणीला, भाचीला, शाळेला, शेजारणीला, कुणालाही देऊ शकता. दिरांची संमती लागत नाही, त्यांना कळवावंही लागत नाही. फ्लॅटचा पत्ता आणि नंबर खरेदीखतात आहे तसाच उतरवा. ठेवी बँकेच्या नावानिशी लिहा. पाटल्यांचा वेगळा उल्लेख करा, कारण घरात भांडणं दागिन्यांवरून सुरू होतात. शेवटी 'याशिवाय माझ्या मृत्यूसमयी जे काही असेल ते' असं एक वाक्य हवंच, म्हणजे नंतर घेतलेली एखादी ठेव बाहेर राहत नाही. बहीण तुमच्याआधी गेली तर काय, तेही लिहा : भाचीला. आणि उद्या बँकेत जाऊन ठेवींवर नॉमिनी कोण आहे ते बघा. कितीतरी बायकांच्या ठेवींवर मी वीस-वीस वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याचं नाव पाहिलं आहे.

प्रश्न : एका मित्राचा नमुना पाहून मी 500 रुपयांच्या स्टँपपेपरवर मृत्युपत्र टाइप करून घेतलं, नोटरीचा शिक्का मारला आणि साक्षीदार म्हणून बायकोची सही घेतली. आता काळजी नाही ना?
– एक वाचक, कराड

उत्तर : दादा, काळजी आहे. स्टँपपेपर लागत नाही, साध्या कागदावर हाताने लिहिलेलं चालतं. नोटरीची सक्ती नाही. ज्याची सक्ती आहे नेमकं तेच तुमच्या कागदावर नाही : दोन साक्षीदार. तुम्ही सही करताना त्यांनी पाहिलेलं असावं, किंवा ही सही माझी आहे असं तुम्ही त्यांना सांगितलेलं असावं, आणि मग दोघांनी तुमच्यासमोर सही करायची. आत काय लिहिलंय ते त्यांनी वाचायची गरज नाही. नोटरीचा शिक्का दुसऱ्या साक्षीदाराची जागा भरून काढेल, यावर विसंबू नका.

बायकोला साक्षीदार करू नका. घर तिला द्यायचं असेल तर मुळीच नको. ज्याला मिळकत मिळणार त्याचीच साक्ष असली की उद्या कोर्टात पहिला प्रश्न तिथेच येतो. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान, परक्या घरातले आणि त्याच गावात टिकून राहणारे असावेत. कारण मृत्युपत्र सिद्ध करताना हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला कोर्टात येऊन सांगावं लागतं.

एका सहीने काय होतं, हे मी घरात पाहिलं आहे. माझे वडील शाळामास्तर. काका तरुणपणी गेले, तेव्हा काकू आमच्या घरी आली आणि आम्हा चौघा भावंडांना तिनंच वाढवलं. आई सतत आजारी असायची. दप्तर भरून देण्यापासून रात्री अंगावर पांघरूण घालण्यापर्यंत सगळं काकूनं केलं. वडिलांनी स्वतः बांधलेल्या घराच्या मागच्या दोन खोल्या काकूच्या नावाने करून देणारं मृत्युपत्र सुंदर मोडीवळणाच्या अक्षरात चार पानं लिहिलं, आणि त्यावर एकाच शेजाऱ्याची सही घेतली. मी तेव्हा नुकती सनद घेतली होती. ते पाकीट मला वडिलांच्या चौदाव्या दिवशी दिसलं.

मृत्युपत्र गेलं म्हणजे वारसा कायदा आला, आणि वारसा कायद्यात मुलं असताना काकूचा नंबरच लागत नव्हता. आई आधीच गेली होती. घर आम्हा चौघांचं झालं. पाहता पाहता काकू त्या घरात पाहुणी ठरली. आम्ही तिघांनी आमचे हिस्से बक्षीसपत्राने तिला लिहून दिले. चौथ्याने नऊ वर्षं सही केली नाही. शेवटी तो तयार झाला तेव्हा काकूला जाऊन पाच महिने झाले होते. मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. वडिलांना काकूला द्यायचं होतं, ते त्यांनी लिहिलंही होतं, राहिली फक्त एक सही.

तेव्हा दादा, नवा कागद घ्या, 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे वाक्य त्यात घाला, आणि शक्य असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा. नोंदणी ऐच्छिक आहे, पण नोंदवलेला कागद हरवत नाही आणि सही खोटी म्हणायला तोंड उरत नाही. मन बदललं तर नोंदवलेलं मृत्युपत्रसुद्धा केव्हाही बदलता येतं.

प्रश्न : माझं माहेर फलटण तालुक्यात. वडील 2001 मध्ये गेले. वडिलोपार्जित चार एकर बागायत, सातबारावर थोरल्या भावाचं नाव 'ए. कु. मॅ.' म्हणून. मागच्या महिन्यात आई गेली. तेराव्याला भावानं साडीचोळी केली आणि रात्री कागद पुढे ठेवला, 'हक्कसोडपत्र आहे, नुसती फॉर्मॅलिटी.' वडील 2005 च्या आधी वारले म्हणून तसाही मला हक्क नाही, असं त्याचं म्हणणं. सही नाही केली तर माहेर तुटेल अशी भीती वाटते.
– एक वाचक, बारामती

उत्तर : ताई, 'नुसती फॉर्मॅलिटी' असती तर ती तेराव्याच्या रात्री करायची घाई कुणी केली नसती.

आधी हक्काचं. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी मुलाइतकीच जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीची हिस्सेदार, आहे. वडील त्या तारखेला हयात असलेच पाहिजेत का, यावर बरीच वर्षं न्यायालयांत मतभेद होते. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो वाद मिटवला : वडील आधी गेले असले तरी मुलीचा हक्क जात नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा वाटपाचा हुकूमनामा झालेला असेल, तरच प्रश्न वेगळा. तुमच्या पत्रात तसं काही नाही. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. भाऊ सगळ्यांच्या वतीनं कारभार पाहतो एवढाच त्या नोंदीचा अर्थ. जमीन त्याची झाली असा अर्थ निघत नाही. शिवाय आईचाही हिस्सा होता, त्यातही तुम्ही भावांइतक्याच वारस आहात.

आता कागदाचं. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय त्याला अर्थ नाही, आणि एकदा नोंदवलं की मागे घेता येत नाही. फसवून घेतलं हे सिद्ध करायला अर्धं आयुष्य जातं. भावाबहिणींत वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडपत्राला मुद्रांक 500 रुपये लागतो, म्हणून ते इतक्या सहज पुढे येतं. त्यात गट नंबर नीट वाचा. 'व इतर सर्व स्थावर जंगम मिळकती' असे शब्द शेवटच्या ओळीत असतात. तुम्हाला वाटतं आपण दोन एकर सोडतोय, पण कागदावर राहतं घर, विहिरीचा हिस्सा, गावठाणातली जागा सगळंच सुटलेलं असतं.

मी तुम्हाला भावाशी भांडा म्हणत नाही. माहेर ही किती मोठी गोष्ट आहे, ते मला कळतं. भावानं आईवडिलांचं केलं असेल आणि तुम्हाला मनापासून द्यायचं असेल तर जरूर द्या. पण आधी वारस नोंद होऊ द्या. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं शपथपत्र तलाठ्याकडे द्यायचं (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), फेरफार (नावबदलाची नोंद) पडतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. सातबारावर तुमचं नाव एकदा लागू द्या. मग वर्षा-दोन वर्षांनी, मन शांत असताना, काय सोडायचं आणि काय ठेवायचं ते ठरवा. भावाला एवढंच म्हणा, 'दादा, माझं नाव लागू दे, मग मी पळून जाणार आहे का?' एवढ्या वाक्याने जे माहेर तुटेल, ते सही केल्यावर किती टिकेल, याचाही विचार करा.

प्रश्न : डोंबिवलीत आमचा सोसायटीतला फ्लॅट. ह्यांनी नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव दिलं होतं. हे गेल्यावर सोसायटीनं त्याचं नाव लावलं. आता तो म्हणतो फ्लॅट माझा, विकून ठाण्याला मोठा घेऊ. मला आणखी एक मुलगा आणि मुलगी आहे.
– एक आई

उत्तर : मावशी, मृत्युपत्र नसेल तर फ्लॅटचे चार सारखे हिस्से : तुमचा एक, तिन्ही मुलांचा एकेक. तुमच्या सासूबाई हयात असतील तर पाच. मुलाची आई पहिल्या वर्गातली, म्हणजे सगळ्यात आधी हक्क असलेली, वारस असते, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत नसतं.

नॉमिनी म्हणजे वारस येईपर्यंत किल्ली सांभाळणारा माणूस. सहकारी संस्था कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थेत नॉमिनीला तात्पुरता सभासद करतात आणि वारस ठरले की त्यांची नावं लागतात. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कुटुंबाच्या खटल्यात दिला. अपवाद आयुर्विम्याचा : 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच. बँकेत 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनी देता येतात, टक्केवारी ठरवून. ती सोय चांगली आहे, पण तीही मालकी ठरवत नाही.

सोसायटीच्या सचिवांना आजच लेखी कळवा की तुम्ही तिघंही वारस आहात, हस्तांतरणाला तुमची हरकत आहे, आणि पोच घ्या. मग दिवाणी न्यायालयातून वारस दाखला काढा. आपल्याकडे तो 1827 च्या मुंबई विनियमाखाली आजही मिळतो. तुमची सही असल्याशिवाय मुलगा फ्लॅट पूर्ण विकू शकत नाही. ठाण्याचा फ्लॅट घेणारच असाल, तर खरेदीखतात तुमचं नाव पहिलं हवं.

प्रश्न : आमचा मुलगा 24 वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. चालता येत नाही, बोलणं फक्त आम्हाला कळतं. हे राज्य शासनाच्या सेवेतून पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मोठी मुलगी पुण्यात, ती म्हणते मी बघेन. आमच्यामागे त्याचं काय, या विचारानं झोप येत नाही.
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

पहिली गोष्ट, मुलगा 18 वर्षांचा झाला त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही त्याचे पालक राहिला नाहीत. बँक, रुग्णालय, फ्लॅट, कुठेही त्याच्या वतीनं सही करायला आता अधिकार लागतो. 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. तिच्याकडे पालकत्वासाठी अर्ज करा. हे तुम्ही दोघं धडधाकट असतानाच करायचं आहे. त्याच न्यासाची 'निरामय' ही वर्षाला एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे, ती घेतली नसेल तर घ्या.

दुसरी, निवृत्तिवेतन. शासकीय कर्मचाऱ्याच्या स्वतः कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला आईवडिलांनंतर हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. ह्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांतच मुलाचं नाव आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र नोंदवून घ्या. निवृत्तीला एक वर्ष आहे म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे. ही नोंद न झाल्यामुळे बहिणींनी कार्यालयांचे उंबरे झिजवलेले मी पाहिले आहेत.

तिसरी, मिळकत. घर किंवा पैसा थेट मुलाच्या नावावर करू नका, तो सांभाळू शकणार नाही. सगळं मुलीच्या नावावर करून 'ती बघेल' असंही करू नका. मुलीच्या मनावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण उद्या तिलाच काही झालं, तर ती मिळकत तिच्या नवऱ्याची आणि मुलांची होईल, तुमच्या मुलाची राहणार नाही. 1882 च्या कायद्याखाली खासगी विश्वस्त निधी करता येतो. मृत्युपत्रातच तो लिहिता येतो : माझ्यानंतर घर आणि ठेवी अमुक तीन विश्वस्तांकडे, उत्पन्न मुलाच्या देखभालीला, आणि त्याच्यानंतर उरेल ते मुलीला. मुलगी एक विश्वस्त असू द्या, बाकीचे दोघं घराबाहेरचे. म्हणजे तिला एकटीला ओझं वाहावं लागणार नाही आणि तिच्याकडे कुणी बोटही दाखवणार नाही.

आणि एक वही करा. तिला कायद्याचं बळ नाही, तरीही मी सांगते. तो कशाला हसतो, कुठल्या कुशीवर झोपतो, औषध दुधातून घेतो की केळ्यातून, दुखलं की कसा आवाज काढतो, कुणाला पाहून घाबरतो. त्याचं बोलणं फक्त तुम्हाला कळतं असं तुम्ही लिहिलंत. जे तुम्हाला कळतं ते कागदावर उतरवा आणि वहीची एक प्रत विश्वस्तांकडे द्या.

प्रश्न : वय 72. मुलगा म्हणतो, मृत्युपत्राची कटकट कशाला, घर आत्ताच बक्षीसपत्राने माझ्या नावावर करा, 200 रुपयांत होतं. सून चांगली आहे. करू का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : काका, करू नका. राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला मूळ मुद्रांक 200 रुपयेच आहे, काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा पडतो, हे खरं. पण बक्षीसपत्र नोंदवलं त्या क्षणी घर मुलाचं होतं. तो ते गहाण ठेवू शकतो, विकू शकतो. त्याचा धंदा बुडाला तर घरही जाऊ शकतं. त्याला काही झालं तर घराला सून, नातवंडं आणि काकू, म्हणजे तुमच्या पत्नी, वारस. त्या रांगेत तुम्ही नाही. मुलाची आई पहिल्या वर्गातली वारस, पण वडील दुसऱ्या वर्गात.

मृत्युपत्रात मात्र तुम्ही हयात आहात तोवर घर तुमचं. पहिला हक्क काकूंना लिहा, त्यांच्यानंतर मुलाला.

बक्षीस द्यायचंच ठरलं, तर 'देणाऱ्याने व त्याच्या पत्नीने तहहयात या घरात राहावे आणि घेणाऱ्याने त्यांचा सांभाळ करावा या अटीवर' हे शब्द कागदात हवेतच. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली सांभाळ केला नाही तर असं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. पण अट होतीच हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं. जानेवारी 2025 च्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूनं झुकतं माप दिलं खरं, पण त्या आईनेही मुलाकडून सांभाळाचं लेखी घेतलेलं होतं. मुलावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटत असेल, तर माझं हे उत्तर त्याला वाचायला द्या.

प्रश्न : इचलकरंजीत आठ पॉवरलूम आहेत, बँकेचं आणि सुताच्या व्यापाऱ्यांचं मिळून मोठं देणं आहे. मला काही झालं तर बायको-मुलांना फेडावं लागेल का?
– एक वाचक

उत्तर : तुमच्याकडून त्यांना जेवढी मिळकत मिळेल तेवढ्यापुरतंच. स्वतःच्या पगारातून किंवा माहेरच्या दागिन्यांतून फेडायला त्यांना कुणी भाग पाडू शकत नाही. पण बायको सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर ती स्वतःच्या सहीनं बांधलेली आहे. कर्जाची फाइल काढून तिची सही कुठे कुठे आहे ते आज बघा.

दुसरं, 1874 चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. नवी आयुर्विमा पॉलिसी घेताना ती या कायद्याखाली बायको-मुलांसाठी घेतो असं अर्जातच लिहून द्यायचं. मग ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरते आणि सावकार किंवा बँक तिला हात लावू शकत नाही. घेणेकऱ्यांना बुडवण्यासाठीच काढली असेल तर हे संरक्षण मिळत नाही. हे घेतानाच करावं लागतं, जुन्या पॉलिसीवर नंतर चढवता येत नाही. एजंटला विचारलंत तर बहुधा तो म्हणेल, नॉमिनी टाका, पुरे. तुम्ही मात्र या कायद्याचाच फॉर्म मागा.

प्रश्न : मी म्हापशाचा. मुलगा बघत नाही, सगळं मुलीला देणारं मृत्युपत्र करायचं आहे. दादरलाही एक फ्लॅट आहे.
– एक वाचक

उत्तर : गोव्यात तसं करता येत नाही, तिथला वारसा कायदा वेगळा आहे. लग्नाचा वेगळा करार नसेल तर मिळकतीचा अर्धा भाग मुळातच पत्नीचा. उरलेल्या तुमच्या अर्ध्यातलाही अर्धाच तुम्ही मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देऊ शकता, बाकीचा मुलांचा राखीव आणि त्यात मुलगा-मुलगी सारखे. कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांखेरीज मुलाला त्यातून वगळता येत नाही. 'बघत नाही' एवढं पुरणार नाही. मोकळा भाग मात्र सगळा मुलीला द्या. दादरचा फ्लॅट महाराष्ट्रात आहे म्हणून सुटेल असं समजू नका. गोंयकाराची मिळकत भारतात कुठेही असली तरी तिला गोव्याचाच वारसा कायदा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये मुंबईतल्या मिळकतीच्याच खटल्यात ठरवलं. मृत्युपत्र तिथल्या विशेष नोटरीसमोर करा.

प्रश्न : वय 83. मृत्युपत्र करायचं फार मनात आहे, पण पक्षाघातानंतर उजवा हात चालत नाही, सही जमत नाही. जिनाही उतरता येत नाही. आता उशीर झाला का? घर सुनेच्या नावाने करायचं आहे. मुलगा गेल्यापासून तीच माझं सगळं करते. बाकी दोन मुलं मुंबईला असतात.
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : आजोबा, उशीर झालेला नाही. अंगठा चालतो, डाव्या हाताचाही चालतो. कागद आधी कुणीतरी तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि 'मला वाचून दाखवले, समजले, बरोबर आहे' हे वाक्य अंगठ्याच्या वर लिहायचं. दोन साक्षीदार समोर हवेत. सूनबाई किंवा त्यांच्या माहेरचं माणूस त्यात नको, त्या वेळी सूनबाई खोलीतही नकोत. घर सुनेला का देताय ते दोन ओळींत तुमच्या शब्दांत येऊ द्या, आणि मुंबईच्या मुलांची नावं घालून त्यांना का देत नाही तेही. घर तुम्ही स्वतः घेतलेलं आहे की वडिलोपार्जित, हे पत्रात नाही. वडिलोपार्जित असेल तर तुमच्या हिश्श्यापुरतंच लिहिता येईल, म्हणून जुना उतारा शोधून ठेवा.

जिन्याची काळजी नको. आजारी माणसासाठी दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करतात, त्यासाठी अर्ज आणि ठरलेली फी भरावी लागते. कोरेगावच्या कार्यालयात नातवाला पाठवा. डॉक्टरांकडून तुमची स्मृती आणि समज शाबूत असल्याचा दाखला घ्या आणि त्यावरची तारीख मृत्युपत्राच्या दिवसाचीच असू द्या.